एका पत्रिकेत पाच लिप्या : मोफत फॉन्ट निवडण्यापासून छापखान्यापर्यंत

सोलापुरात डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं काम करायचं म्हणजे एकट्या देवनागरीवर भागत नाही. हातमाग-यंत्रमागाच्या निमित्ताने इथे स्थिरावलेली तेलुगूभाषक घरं आहेत, कर्नाटकाची सीमा जवळ असल्याने कन्नड बोलणारी मंडळी आहेत, उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत, आणि इंग्रजी तर सगळीकडेच लागतं. वाचनालयाच्या वर्धापनदिनाची चार पानी पत्रिका करायला घेतली की पाच भाषांचा मजकूर टेबलावर येतो. लिप्याही पाचच.

काही वर्षांपूर्वी अशाच एका पत्रिकेची फाईल मी पीडीएफ न करता तशीच छपाईला दिली. माझ्या पडद्यावर सगळं नीट होतं. छापून आलेल्या तीनशे प्रतींमध्ये तेलुगू मजकुराच्या जागी ओळीच्या ओळी रिकाम्या चौकटी होत्या, कारण छापणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्टच नव्हता. तेलुगू मजकूर लिहून देणारे आजोबा ती प्रत हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले, मग काही न बोलता घडी घालून खिशात ठेवली. त्यानंतर हे काम मी ज्या क्रमाने करत आलो, तोच इथे सांगतो. पहिल्यांदाच असं काम हाती घेणाऱ्याला डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे. खाली ज्या फॉन्टांची शिफारस केली आहे, ते सगळे फुकट आणि रीतसर मिळतात.

आधी कोण काय करतं ते समजून घ्या

नवख्या माणसाची पहिली गल्लत इथेच होते. 'मला मराठी फॉन्ट टाकून द्या, टाइप करायचंय' असं लोक म्हणतात तेव्हा त्यांना खरं तर कीबोर्ड हवा असतो. इनस्क्रिप्ट असो, फोनेटिक असो, कीबोर्ड फक्त अक्षराचा क्रमांक कॉम्प्युटरला देतो. युनिकोड या जगभरच्या पद्धतीत प्रत्येक अक्षराचा क्रमांक ठरलेला आहे आणि तो सोलापुरात जो, तोच सिंगापुरात. त्या क्रमांकाला आकार देतो तो फॉन्ट.

या दोघांच्या मधे आणखी एक कारागीर असतो. 'क', हलन्त आणि 'ष' असे तीन क्रमांक ओळीने आले की फॉन्टमधून 'क्ष'चा आकार शोधून आणायचा, 'कि' मधली वेलांटी क्रमाने 'क'नंतर आलेली असली तरी उचलून त्याच्या आधी ठेवायची, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवायचा, ही सगळी त्याची कामं. लिबरऑफिस (वर्डसारखं मोफत सॉफ्टवेअर), क्रोम, फायरफॉक्स आणि अँड्रॉइडमध्ये हे हार्फबझ नावाचं मुक्त सॉफ्टवेअर करतं. खिळ्यांच्या काळात छापखान्यातला जुळारी हेच हाताने करायचा.

हे तिघे वेगळे आहेत एवढं लक्षात राहिलं की बिघाड ओळखणं सोपं होतं.

पडद्यावर काय दिसतंय, त्यावरून रोग ओळखा

रिकामी चौकट दिसली तर मजकूर शाबूत आहे, फक्त त्या अक्षराचा आकार असलेला फॉन्ट कॉम्प्युटरला सापडलेला नाही. या चौकटींना जगभर 'टोफू' म्हणतात, सोयाबीनच्या पनीरच्या चौकोनी तुकड्यांसारख्या दिसतात म्हणून. योग्य फॉन्ट बसवला की त्या जातात.

मात्रेखाली किंवा वेलांटीशेजारी ठिपक्यांचं गोल वर्तुळ दिसलं तर फॉन्टला दोष देऊ नका. मात्रेला टेकायला अक्षर नाही, असं ते सांगतंय. बहुधा वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते किंवा एकाच अक्षराला दोन मात्रा लागलेल्या असतात. तिथे मजकूरच दुरुस्त करावा लागतो.

अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं आली तर मात्र मामला गंभीर. फाईल कुठेतरी युनिकोड न समजणाऱ्या पद्धतीने साठवली गेली आणि मूळ क्रमांकच पुसले गेले. आता जगातला कुठलाही फॉन्ट ते परत आणू शकत नाही. ज्याने मजकूर दिला त्याच्याकडून पुन्हा मागवा.

अक्षरं बरोबर आहेत पण सुटी पडली आहेत, हलन्ताचे पाय दिसताहेत, वेलांटी भलत्या बाजूला गेली आहे, असं असेल तर तो मधला कारागीर झोपला आहे. जुन्या फोटोशॉपमध्ये आणि पानं लावायच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये हे हमखास होतं. इनडिझाइनमध्ये परिच्छेदासाठी 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' निवडा, जुन्या फोटोशॉपमध्ये टाइपच्या पसंतींत वर्ल्ड-रेडी लेआउट सुरू करा. लोक इथे वैतागून चार-चार फॉन्ट बदलून बघतात आणि दिवस घालवतात.

पाचवा प्रकार रोमन अक्षरांच्या अर्थहीन रांगेचा. त्याबद्दल पुढे सांगतो, कारण महाराष्ट्रात तो फार भेटतो.

आणि एक गोष्ट बिघाडासारखी दिसतच नाही. तुम्ही निवडलेल्या फॉन्टमध्ये कन्नड नसेल तर कॉम्प्युटर गुपचूप दुसऱ्या कुठल्यातरी फॉन्टमधून कन्नड उसनं आणतो. चौकट येत नाही, म्हणून तुम्ही निर्धास्त राहता. पण ती ओळ शेजारच्या मराठीपेक्षा बारीक दिसते, अंतर वेगळं पडतं, आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर उसनं आणायला तो फॉन्ट नसला की तिथे चौकटी येतात. माझ्या तीनशे प्रतींचं हेच झालं होतं. तेलुगूसाठी फॉन्ट मी निवडलाच नव्हता, माझ्या मशीनने परस्पर निवडला होता.

एकच फॉन्ट शोधू नका, कुटुंब शोधा

'सगळ्या लिप्या असलेला एक फॉन्ट द्या' ही मागणी स्वाभाविक आहे, पण ती पुरी होत नाही. ओपनटाइप फॉन्टच्या एका फाईलमध्ये जास्तीत जास्त ६५,५३५ आकार मावतात. युनिकोडमध्ये आज दीड लाखाहून जास्त अक्षरचिन्हं आहेत, आणि देवनागरीसारख्या लिप्यांना जोडाक्षरांचे आकार वेगळे लागतात. जीएनयू युनिफॉन्टसारखा फॉन्ट फार मोठा पल्ला गाठतो, पण त्याची अक्षरं ठिपक्याठिपक्यांची आहेत. एखादं अनोळखी चिन्ह काय आहे ते बघायला तो उत्तम, छपाईसाठी नाही.

म्हणून एकाच हाताने किंवा एकाच विचाराने आखलेले, पण लिपीगणिक वेगळ्या फाईलमध्ये असलेले फॉन्ट घ्यायचे. त्यांची जाडी, उंची, अक्षरांमधली मोकळी जागा एकमेकांशी जुळवलेली असते.

सगळ्यांत मोठं कुटुंब गूगलच्या नोटोचं. टोफू नको म्हणून नोटो. २०१६ मध्ये ते जाहीर झालं तेव्हाच त्यात १०० हून जास्त लिप्या आणि ८०० भाषांची सोय होती. नोटो सॅन्स देवनागरी, नोटो सॅन्स कन्नड, नोटो सेरिफ तेलुगू अशी नावं असतात. सॅन्स म्हणजे साध्या टोकांचं, एकसारख्या जाडीचं वळण. सेरिफ म्हणजे पुस्तकी, जाड-बारीक रेघांचं. कुठलीही अनोळखी लिपी समोर आली की आधी नोटोत बघा. मोडीसुद्धा आहे. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४ मध्ये, सातव्या आवृत्तीत, आणि नोटो सॅन्स मोडी बसवला की घरातल्या जुन्या दस्तऐवजाचं लिप्यंतर देवनागरीशेजारी मोडीतही टंकता येतं. ज्या लिपीत आपल्या पणजोबांनी खतं लिहिली ती लिपी आज फुकट फॉन्टमध्ये टंकता येते, हे मला अजूनही फार मोठं वाटतं.

दुसरं कुटुंब मुंबईच्या एक टाइप या संस्थेचं अनेक. देवनागरी, बांगला, गुजराती, गुरुमुखी, कन्नड, मल्याळम, ओडिया, तमीळ, तेलुगू अशा नऊ भारतीय लिप्या आणि दहावी लॅटिन, म्हणजे इंग्रजीची रोमन. जाडी आणि रुंदी दोन्ही कमी-जास्त करता येतात, त्यामुळे तेलुगूतलं लांबलचक शीर्षक मराठी शीर्षकाइतक्याच जागेत बसवता येतं. शीर्षकांसाठी माझी पहिली पसंती हीच. याच संस्थेचे बालू आणि मुक्ता हेही बहुलिपी आहेत. बालू गुबगुबीत आहे, लहान मुलांच्या कार्यक्रमाला शोभतो. मुक्ता सरळ, स्वच्छ, सूचनाफलकाला चांगला.

तिसरं तिरो. पुस्तकी वळणाचे हे फॉन्ट सलग मजकुरासाठी सुंदर आहेत, आणि मराठी माणसाला त्यात एक खास गोष्ट मिळते, ती पुढच्या भागात सांगतो. तिरो कन्नड आणि तिरो तेलुगूही आहेत. ठळक वळण मात्र नाही, तेव्हा शीर्षकांसाठी दुसरा फॉन्ट जोडीला घ्यावा लागतो.

उर्दूचा विचार वेगळा करा. फुकट अरबी फॉन्ट पुष्कळ आहेत, पण त्यांतले बहुतेक नस्ख वळणाचे असतात. उर्दू वाचणाऱ्यांच्या डोळ्यांना सवय असते ती नस्तालीकची, उजवीकडून डावीकडे उतरत जाणाऱ्या शब्दांची. नोटो नस्तालीक उर्दू घ्या. त्यातला एकेक शब्द तिरका उतरतो, म्हणून दोन ओळींत अंतर बरंच जास्त लागतं. मराठीइतकंच अंतर ठेवलं तर ओळी एकमेकींत घुसतात.

आमच्या पत्रिकेपुरता निर्णय असा झाला: शीर्षकं अनेकमध्ये, मजकूर तिरोमध्ये, उर्दू सगळी नोटो नस्तालीकमध्ये. मराठी आणि संस्कृतचं अभ्यासाचं काम असेल तर आयआयटी मुंबईत तयार झालेला शोभिका जरूर बघा. राज्य मराठी विकास संस्थेच्या यशोमुद्रा या फॉन्टवर तो बेतलेला आहे.

मराठीची परीक्षा

फॉन्टच्या नावात देवनागरी आहे म्हणजे मराठीची सगळी सोय आहे असं नाही. देवनागरी फॉन्ट पुष्कळदा हिंदी डोळ्यांपुढे ठेवून आखले जातात. म्हणून कुठलाही नवा फॉन्ट घेतला की मी त्यात ही ओळ टंकतो:

आचार्यांना, आचाऱ्यांना, दर्या, दऱ्या, कुऱ्हाड, गुऱ्हाळ, ॲप, ऑगस्ट, बाळ, लाल शाल, प्रश्न, विश्व, श्री, कृष्ण, शृंगार, ज्ञान, क्षमा, ब्रह्म, चिन्ह, राष्ट्र, उद्ध्वस्त, १२३४५६७८९०, ₹

पहिले चार शब्द सगळ्यांत महत्त्वाचे. आचार्यांना म्हणजे गुरुजनांना, आचाऱ्यांना म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. मराठीत हा फरक अर्थाचा आहे आणि तो एका आडव्या, पापणीसारख्या अर्ध्या 'र' वर उभा आहे. फॉन्ट कच्चा असेल तर 'दऱ्या' मध्ये 'र' खाली नुक्ता म्हणजे ठिपका, त्याला हलन्ताचा पाय आणि पुढे सुटा 'य' दिसतो. असा फॉन्ट मराठीसाठी तिथेच बाद करा, बाकी कितीही देखणा असो.

हा अर्धा 'र' टंकायचा कसा, हेही इथेच सांगतो, कारण पुष्कळांना ते कुणी शिकवलेलंच नसतं. इनस्क्रिप्टमध्ये 'र' ज्या कळीवर आहे तिथेच शिफ्ट दाबून 'ऱ' मिळतो. तो 'ऱ', मग हलन्त, मग 'य' किंवा 'ह'. 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरूनही हाच आकार दिसतो, आणि जुन्या मजकुरात तशी पद्धत सापडते. दिसायला दोन्ही सारखे, पण आतले क्रमांक वेगळे, त्यामुळे 'शोधा' मध्ये एक टंकला तर दुसरा सापडत नाही. एका दस्तऐवजात एकच पद्धत ठेवा, 'ऱ' ची. 'ॲ' चंही तसंच: 'अ' वर चंद्र लावूनही तो काढता येतो, पण युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र क्रमांक आहे. हा क्रमांक २००८ मध्ये आला, म्हणून फार जुन्या फॉन्टमध्ये 'ॲप' च्या सुरुवातीलाच चौकट दिसते.

मग 'लाल शाल' बघा. मराठी 'ल' ला मधल्या देठाच्या दोन्ही बाजूंना पाकळ्या असतात. हिंदी वळणाच्या 'ल' ला उजवीकडे उभा दंड असतो. 'श' चंही मराठी आणि हिंदी वळण वेगळं. राज्याच्या प्रमाण वर्णमालेत पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' हेच धरलेले आहेत, आणि पहिलीतली मुलं तेच गिरवतात. शाळेच्या भिंतीवर लावायच्या तक्त्यात दंडाचा 'ल' छापला तर मूल पाटीवर एक बघतं आणि भिंतीवर दुसरं. हे मला साधं वाटत नाही.

युनिकोडमध्ये या दोन्ही आकारांना क्रमांक एकच आहे, तेव्हा निवड फॉन्टने करायची असते. काही फॉन्टमध्ये दोन्ही आकार असतात आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली की मराठी आकार आपोआप येतो. भाषा हिंदी राहिली असेल तर फॉन्टमध्ये आकार असूनही तो दिसत नाही. तिरोने हा गुंता वेगळ्या रीतीने सोडवला: तिरो देवनागरी मराठी, तिरो देवनागरी हिंदी आणि तिरो देवनागरी संस्कृत असे तीन वेगळे फॉन्टच दिले. मराठीचा घेतला की काही नोंदवायची गरज नाही. मघाशी म्हटलेली खास गोष्ट हीच.

ओळीतल्या बाकीच्या शब्दांवरून एकदा नजर फिरवा. 'शृंगार' चा ऋकार तुटलेला नाही ना, 'चिन्ह' आणि 'ब्रह्म' वाचताना अडखळायला होत नाही ना, अंकांतले ५, ८ आणि ९ मराठी वळणाचे आहेत ना. रुपयाचं चिन्ह युनिकोडमध्ये २०१० साली आलं, त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते नसतं.

परवाना वाचा, दोन मिनिटं लागतात

फुकट उतरवता आलं म्हणजे फुकट वापरता येतं असं नाही. 'फक्त वैयक्तिक वापरासाठी मोफत' असं लिहिलेला फॉन्ट वाचनालयाच्या पत्रिकेत वापरता येत नाही. विंडोजसोबत येणारा मंगल किंवा निर्मला यूआय तुमच्या मशीनवर असतोच, पण त्याची फाईल पेन ड्राइव्हवर घालून दुसऱ्याला वाटायची मुभा तुम्हाला नाही. मंगल आखला तो कवी आणि अक्षररचनाकार र. कृ. जोशी यांनी, म्हणून त्याच्याबद्दल आपुलकी वाटते, पण परवाना मायक्रोसॉफ्टचा आहे.

नोटो, अनेक, बालू, मुक्ता, तिरो आणि शोभिका हे सगळे एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. त्याचा अर्थ थोडक्यात असा: कुठल्याही कामात वापरा, पैशाच्या कामातही, पीडीएफमध्ये भरा, फाईल दुसऱ्याला द्या, हवे ते बदलही करा. फक्त नुसता फॉन्ट विकायचा नाही, बदललेला फॉन्टही याच परवान्याखाली द्यायचा, आणि कर्त्याने नाव राखून ठेवलेलं असेल तर बदललेल्याला ते नाव द्यायचं नाही. तुमची पत्रिका किंवा पुस्तक मात्र तुमचंच राहतं, त्याला हा परवाना लागत नाही.

उतरवणं आणि बसवणं

गूगल फॉन्ट्सच्या संकेतस्थळावर लिपीनुसार चाळणी लावता येते. देवनागरी निवडा, आणि नमुन्याच्या चौकोनात वरची परीक्षेची ओळ चिकटवा. सगळे फॉन्ट त्याच ओळीत समोर येतात आणि उतरवण्याआधीच निम्मे गळून पडतात.

पसंत पडलेला फॉन्ट झिप फाईलमध्ये मिळतो. आधी झिप उघडून सगळं बाहेर काढा. झिपच्या आतूनच बसवायला गेलं की पुष्कळदा अर्धवट बसतो. आत बहुधा एक 'व्हेरिएबल' फाईल असते, जिच्यात सगळ्या जाड्या एकत्र असतात, आणि 'स्टॅटिक' नावाच्या फोल्डरमध्ये प्रत्येक जाडीची वेगळी फाईल असते. वर्ड किंवा लिबरऑफिसमध्ये काम करायचं असेल तर स्टॅटिकमधल्या घ्या, त्या कुठेही दगा देत नाहीत. दोन्ही एकदम बसवू नका, यादीत नावांचा गोंधळ होतो. साध्याबरोबर ठळक फाईलही बसवा. ती नसली तर ठळकचं बटण दाबल्यावर कॉम्प्युटर साधं अक्षरच फुगवतो आणि 'क्ष', 'द्ध' यांची पोटं बुजतात.

विंडोजमध्ये फॉन्टच्या टीटीएफ फाईलवर उजवं क्लिक करून 'इन्स्टॉल', मॅकवर दोनदा क्लिक करून फॉन्ट बुकमध्ये, लिनक्सवर घरच्या फोल्डरमधल्या फॉन्टच्या जागी ठेवून. एवढंच. आधीपासून उघडी असलेली सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा, नाहीतर यादीत नवं नाव दिसत नाही. गूगल डॉक्समध्ये बसवायचंही काम नाही, फॉन्टच्या यादीत वर 'मोअर फॉन्ट्स' आहे, तिथे लिपी निवडून हवा तो जोडून घ्या.

लिपीमागे एक स्टाईल

इथे बहुतेक जण अडकतात. लिबरऑफिसमध्ये सगळा मजकूर निवडून वरच्या पट्टीतून फॉन्ट बदलला तर कधी फक्त इंग्रजी बदलतं, कधी फक्त मराठी. कारण त्याच्या आत फॉन्टचे वेगळे खाने आहेत: पाश्चात्त्य लिप्यांचा एक, चिनी-जपानीचा एक आणि कॉम्प्लेक्स म्हणजे जोडाक्षरी किंवा उजवीकडून लिहायच्या लिप्यांचा एक. वर्डमध्येही फॉन्टच्या खिडकीत 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' असा वेगळा खाना असतो.

आता अडचण बघा. लिबरऑफिसमध्ये मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू या चारही लिप्या त्या एकाच कॉम्प्लेक्स खान्यात येतात. तिथे तिरो देवनागरी मराठी घातला की कन्नड ओळ पुन्हा उसनवारीवर. म्हणून प्रत्येक लिपीसाठी परिच्छेदाची वेगळी स्टाईल करा. माझ्या फाईलमध्ये 'मजकूर मराठी', 'मजकूर कन्नड', 'मजकूर तेलुगू', 'मजकूर उर्दू' अशा चार, आणि शीर्षकांच्या चार. प्रत्येकीत फॉन्ट, आकार, ओळींमधलं अंतर आणि भाषा या चारही गोष्टी ठरवून टाका. उर्दूच्या स्टाईलमध्ये दिशा उजवीकडून डावीकडे करा. नुसतं उजवीकडे सरकवून चालत नाही, पूर्णविराम भलत्या टोकाला जाऊन बसतो.

आकार अंकाने सारखा ठेवू नका, डोळ्याने सारखा करा. कन्नड आणि तेलुगूत जोडाक्षराचा दुसरा भाग ओळीच्या खाली लटकतो, त्याला खाली जागा लागते. मराठीचं डोकं शिरोरेषेने बांधलेलं असतं आणि वर रफार, मात्रा, अनुस्वार. दोन परिच्छेद शेजारी छापून हातभर लांब धरा, जो बारीक वाटतो तो अर्धा-एक पॉइंट वाढवा.

तिरक्या अक्षरांचा मोह टाळा. देवनागरीत त्यांची परंपरा नाही, आणि तिरकं वळण नसलेल्या फॉन्टमध्ये सॉफ्टवेअर उभं अक्षरच ओढून वाकवतं. वेगळेपणा दाखवायचा तर ठळक करा किंवा अवतरणचिन्हं वापरा.

मजकूर मागवताना एकच विनंती करा: फोटो नको, टंकलेला संदेश पाठवा. तो दस्तऐवजात चिकटवताना 'अनफॉरमॅटेड' चिकटवा, लिबरऑफिसमध्ये त्यासाठी कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि व्ही. नाहीतर मजकुराबरोबर पाठवणाऱ्याच्या फॉन्टचं नावही आत येतं.

जुन्या फॉन्टमधला मजकूर आला तर

युनिकोड रुळण्याआधी महाराष्ट्रातलं डीटीपी वेगळ्या जातीच्या फॉन्टांवर चालायचं, आणि कितीतरी ठिकाणी अजून चालतं. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी आकार बसवलेले असतात. तो फॉन्ट असेपर्यंत मराठी दिसते, फॉन्ट बदलला की रोमन अक्षरांची निरर्थक रांग. तिच्यावर नोटो लावून काही होत नाही, कारण आत मराठी क्रमांक नाहीतच. अशा मजकुरासाठी रूपांतर करणारी मोफत साधनं मिळतात. मूळ फॉन्टचं नाव नेमकं विचारून घ्या, कारण प्रत्येकाची मांडणी वेगळी असते. रूपांतरानंतर पूर्ण मजकूर वाचावाच लागतो. चुका ठरलेल्या जागी होतात: आचाऱ्यांचे आचार्य होतात, रफार शेजारच्या अक्षरावर उडी मारतो, पहिली वेलांटी सुटते, 'ज्ञ' चा 'त्र' होतो.

छपाईला देताना

फाईल पीडीएफ करून द्या. लिबरऑफिस आणि वर्ड दोन्ही पीडीएफ करताना फॉन्ट आत भरतात, पण तपासल्याशिवाय पाठवू नका. ॲक्रोबॅट रीडरमध्ये फाईलच्या प्रॉपर्टीज उघडा, तिथे फॉन्टची यादी असते. प्रत्येक नावापुढे 'एम्बेडेड' असं आलं पाहिजे. आणखी एक बघा: यादीत तुम्ही निवडलेलीच नावं आहेत का? तुम्ही न निवडलेलं एखादं नाव दिसलं तर कुठेतरी उसनवारी झाली आहे. एखादा सुटा पूर्णविराम किंवा रुपयाचं चिन्हही कारण असू शकतं. शोधून काढा.

मग एकच प्रत कागदावर खऱ्या आकारात काढा आणि ज्याची भाषा त्याच्या हातात द्या. कन्नड आणि तेलुगू या लिप्या दिसायला इतक्या जवळच्या आहेत की त्या न वाचणाऱ्याला परिच्छेदांची अदलाबदल झालेली कळतही नाही. या वर्षी तेलुगू पान मी त्याच आजोबांकडे नेलं. त्यांनी पेन्सिलने दोन जागी खुणा केल्या, एक शब्द चुकलेला, एक नाव अर्धवट. मग खालच्या रेघेवर बोट फिरवत म्हणाले, 'ही खालची अक्षरं चिकटतायत रे, थोडी जागा दे.' ओळींमधलं अंतर दोन पॉइंट वाढवलं.

काम झालं की एका फोल्डरमध्ये मूळ फाईल, पीडीएफ, वापरलेले सगळे फॉन्ट आणि त्यांच्या परवान्यांच्या फाईली एकत्र ठेवा. परवाना ते वाटायची मोकळीक देतो, तेव्हा हा फोल्डर वाचनालयालाही द्या. पुढच्या वर्षी पत्रिका कुणीही केली तरी त्याला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.